स्ट्रएरर

स्ट्रएरर हे सी प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रमाण लायब्ररीतील एक फंक्शन आहे. ऑपरेटिंग सिस्टीमने किंवा लायब्ररीने दिलेला त्रुटिक्रमांक स्वीकारून त्या त्रुटीचे माणसाला वाचता येईल असे वर्णन परत करणे, हे त्याचे कार्य होय. उदाहरणार्थ, लिनक्सवर २ हा क्रमांक दिला असता ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, म्हणजे ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी अस्तित्वात नाही’, हा संदेश मिळतो. हे फंक्शन ‘स्ट्रिंग’ नावाच्या हेडर फाइलमध्ये घोषित केलेले असून १९८९ च्या आन्सी सी मानकापासून ते भाषेचा भाग आहे.

स्ट्रएरर केवळ क्रमांकाचे शब्दांत रूपांतर करते. तो क्रमांक योग्य वेळी घेतला होता की नाही, तो कोणत्या क्रियेचा आहे आणि कोणत्या फाइलशी संबंधित आहे, याची त्याला माहिती नसते. त्यामुळे त्रुटिसंदेशाची विश्वसनीयता या फंक्शनवर कमी आणि ते वापरणाऱ्या प्रोग्रॅमवर अधिक अवलंबून असते.

या लेखात फंक्शनांची व संकेतांकांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत; प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये ती रोमन लिपीत लिहिली जातात.

## पार्श्वभूमी

सी भाषेत अपवाद हाताळण्याची स्वतंत्र यंत्रणा नाही. एखादे फंक्शन अयशस्वी झाल्यास ते सामान्यतः एक ठरावीक मूल्य परत करते. पूर्णांक परत करणारी बहुतेक सिस्टीम कॉल फंक्शने उणे १ देतात, तर पॉइंटर परत करणारी फंक्शने नल पॉइंटर देतात. या मूल्यावरून काम झाले नाही एवढेच कळते. ते का झाले नाही, हे कळत नाही. कारण सांगण्यासाठी ‘एर्नो’ नावाच्या पूर्णांकात वेगळा क्रमांक ठेवण्याची पद्धत युनिक्समध्ये रूढ झाली. एर्नो हा ‘एरर नंबर’ या शब्दांचा संक्षेप आहे.

पीडीपी-११ संगणकावरील युनिक्समध्ये सिस्टीम कॉल अयशस्वी झाल्यास प्रोसेसरचा कॅरी बिट चालू केला जाई आणि त्रुटिक्रमांक एका रजिस्टरमध्ये ठेवला जाई. सी लायब्ररीतील छोटे असेंब्ली कोड तो क्रमांक एर्नोमध्ये साठवून उणे १ परत करत असे. आजच्या लिनक्समध्येही रचना याच धर्तीची आहे. कर्नल त्रुटिक्रमांक उणे चिन्हासह परत करते. उणे १ ते उणे ४०९५ या पट्ट्यातील मूल्य आल्यास लायब्ररी त्याचे चिन्ह बदलून ते एर्नोमध्ये ठेवते आणि मूळ प्रोग्रॅमला उणे १ देते. म्हणजेच एर्नो हा कर्नलचा नव्हे, तर सी लायब्ररीचा भाग आहे.

## इतिहास

१९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत त्रुटिसंदेशांसाठी तीन साधने उपलब्ध होती. त्यांपैकी ‘पीएरर’ हे फंक्शन संदेश थेट छापत असे, ‘सिस_एररलिस्ट’ या अ‍ॅरेमध्ये सर्व संदेश क्रमाने ठेवलेले असत आणि ‘सिस_एनएरर’ या चलामध्ये त्या अ‍ॅरेतील नोंदींची संख्या असे. संदेश छापण्याऐवजी तो एखाद्या नोंदवहीत लिहावयाचा असल्यास प्रोग्रॅमर त्रुटिक्रमांक हाच अ‍ॅरेचा निर्देशांक म्हणून वापरत. मात्र क्रमांक अ‍ॅरेच्या मर्यादेत आहे की नाही, हे आधी तपासणे आवश्यक असे. ते न केल्यास प्रोग्रॅम अ‍ॅरेबाहेरील मेमरी वाचू लागे.

स्ट्रएररने ही तपासणी लायब्ररीच्या अंगावर घेतली. मानकानुसार या फंक्शनला कोणताही पूर्णांक देता येतो आणि त्याने प्रत्येक पूर्णांकासाठी काही ना काही संदेश परत केलाच पाहिजे. त्यानंतर सिस_एररलिस्टचा वापर कालबाह्य ठरत गेला. ग्नू सी लायब्ररीने, म्हणजेच ग्लिबसीने, २०२० मधील २.३२ या आवृत्तीपासून नव्याने बांधल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी हा अ‍ॅरे उपलब्ध करून देणे बंद केले.

## एर्नो

एर्नो ‘एर्नो’ याच नावाच्या हेडर फाइलमध्ये परिभाषित केलेले असते. पूर्वी ते एक साधे जागतिक चल होते. एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड चालू लागल्यावर ही रचना अपुरी ठरली, कारण एका थ्रेडची त्रुटी दुसऱ्या थ्रेडच्या त्रुटीवर लिहिली जाऊ शकत होती. आज बहुतेक प्रणालींवर एर्नो हा मॅक्रो असून प्रत्येक थ्रेडला त्याची स्वतंत्र प्रत मिळते. २०११ च्या सी मानकाने ही गोष्ट स्पष्टपणे नमूद केली. जुन्या प्रोग्रॅमांत आढळणारी ‘एक्स्टर्न इंट एर्नो’ ही हाताने केलेली घोषणा त्यामुळे चुकीची ठरते. हेडर फाइल समाविष्ट करणे हाच योग्य मार्ग आहे.

एर्नोबाबत मानकाचे पुढील नियम महत्त्वाचे आहेत :

* प्रोग्रॅम सुरू होताना एर्नोचे मूल्य शून्य असते.
* प्रमाण लायब्ररीतील कोणतेही फंक्शन एर्नोला शून्य करत नाही.
* एखादे फंक्शन यशस्वी झाले तरीही त्याने एर्नोचे मूल्य बदललेले असू शकते, जोपर्यंत त्या फंक्शनच्या वर्णनात याविरुद्ध सांगितलेले नाही.

तिसऱ्या नियमाचा अर्थ असा की, एर्नो शून्य नाही यावरून त्रुटी झाली असा निष्कर्ष काढता येत नाही. आधी फंक्शनचे परत आलेले मूल्य पाहावे आणि ते अपयशाचे असेल तरच एर्नो वाचावे, हा क्रम पाळावा लागतो.

काही फंक्शने या क्रमाला अपवाद आहेत. मजकुराचे पूर्णांकात रूपांतर करणारे ‘स्ट्रटोएल’ हे फंक्शन मूल्य मर्यादेबाहेर गेल्यास मोठ्यात मोठा किंवा लहानात लहान लाँग पूर्णांक परत करते. परंतु मजकुरात खरोखरच तेवढीच संख्या लिहिलेली असू शकते. डिरेक्टरीतील नोंदी वाचणारे ‘रीडडिर’ हे फंक्शन नोंदी संपल्यावर आणि त्रुटी झाल्यावर, दोन्ही वेळा नल पॉइंटरच देते. अशा फंक्शनांना बोलावण्यापूर्वी प्रोग्रॅमरने स्वतः एर्नो शून्य करावे आणि नंतर ते बदलले आहे का हे पाहावे, अशी पद्धत आहे.

## कार्यपद्धती

स्ट्रएरर एक पूर्णांक घेते आणि अक्षरमालेचा पॉइंटर परत करते. ही अक्षरमाला लायब्ररीच्या मालकीची असते. प्रोग्रॅमने तिच्यात बदल करू नये, तसेच ती मोकळी करण्याचाही प्रयत्न करू नये. मानकानुसार स्ट्रएररला पुन्हा बोलावल्यावर आधीची अक्षरमाला पुसली जाऊ शकते. म्हणून एकाच छपाईच्या ओळीत दोन वेगवेगळ्या क्रमांकांसाठी स्ट्रएरर वापरल्यास दोन्ही ठिकाणी एकच संदेश उमटण्याचा धोका असतो.

फाइल उघडण्याच्या उदाहरणात स्ट्रएररचा वापर सामान्यतः पुढील क्रमाने होतो :

१. ‘एफओपन’ या फंक्शनला फाइलचे नाव देऊन ती वाचण्यासाठी उघडली जाते.
२. परत आलेला पॉइंटर नल आहे का, हे तपासले जाते.
३. तो नल असल्यास एर्नोचे मूल्य ताबडतोब एका स्थानिक चलात साठवले जाते.
४. ‘एफप्रिंटएफ’ वापरून प्रमाण त्रुटिप्रवाहावर प्रोग्रॅमचे नाव, फाइलचे नाव आणि साठवलेल्या क्रमांकावरून स्ट्रएररने दिलेला संदेश छापला जातो.
५. प्रोग्रॅम पुढील निर्णय घेतो : थांबणे, पुन्हा प्रयत्न करणे किंवा दुसरी फाइल वापरणे.

अपरिचित क्रमांकासाठी मिळणारा संदेश लायब्ररीनुसार बदलतो. ९९९९ या क्रमांकासाठी ग्लिबसी ‘अननोन एरर ९९९९’ असे सांगते. शून्य या क्रमांकासाठी ग्लिबसी ‘सक्सेस’ असा संदेश देते, तर मॅकओएसवर ‘अनडिफाइन्ड एरर : ०’ असा संदेश मिळतो. ‘फाइल उघडता आली नाही : सक्सेस’ अशा स्वरूपाचा विरोधाभासी संदेश दिसल्यास प्रोग्रॅमने चुकीच्या वेळी एर्नो वाचले, किंवा अयशस्वी झालेल्या फंक्शनने एर्नो वापरलेच नाही, असा त्याचा अर्थ असतो.

## पीएरर

‘पीएरर’ हे स्ट्रएररचे जवळचे भावंड असून ते प्रमाण इनपुट-आउटपुटच्या हेडर फाइलमध्ये घोषित केलेले आहे. ते क्रमांक स्वीकारत नाही. एर्नोचे चालू मूल्य स्वतःच वाचते. दिलेली अक्षरमाला, त्यानंतर अपूर्णविराम आणि एक मोकळी जागा, त्यानंतर त्रुटीचे वर्णन आणि शेवटी नवी ओळ, अशा स्वरूपात ते प्रमाण त्रुटिप्रवाहावर लिहिते. दिलेला पॉइंटर नल असल्यास किंवा अक्षरमाला रिकामी असल्यास केवळ वर्णन छापले जाते.

लहान प्रोग्रॅमांसाठी पीएरर सोयीचे आहे. मात्र त्याला एकच अक्षरमाला देता येत असल्याने फाइलचे नाव, क्रिया आणि ओळ क्रमांक अशी एकत्रित माहिती द्यावयाची झाल्यास स्ट्रएरर अधिक उपयोगी पडते. पीएररला केवळ अयशस्वी फंक्शनचे नाव देण्याची सवय अनेक पाठ्यउदाहरणांत दिसते. ‘एफओपन : नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ हा संदेश प्रोग्रॅमरला काहीसा उपयोगी असला, तरी नेमकी कोणती फाइल सापडली नाही हे वापरकर्त्याला त्यातून कळत नाही.

ग्लिबसीमध्ये प्रिंटएफच्या स्वरूपमालेत टक्केचिन्हापुढे ‘एम’ हे अक्षर लिहिल्यास त्या जागी एर्नोचे वर्णन येते. प्रणालीच्या नोंदवहीत लिहिणाऱ्या ‘सिसलॉग’ फंक्शनमध्येही ही सोय आहे. प्रिंटएफमधील सोय मात्र प्रमाण सी भाषेचा भाग नाही.

## काही नेहमीचे त्रुटिक्रमांक

सी मानक स्वतः केवळ तीन त्रुटींची नावे निश्चित करते : गणिती फंक्शनला त्याच्या क्षेत्राबाहेरील मूल्य दिल्यास ‘ईडोम’, उत्तर मर्यादेबाहेर गेल्यास ‘ईरेंज’ आणि अवैध बाइटक्रम आढळल्यास ‘ईइलसेक’. उर्वरित नावे मुख्यतः पॉसिक्स मानकातून येतात. लिनक्सवरील काही नेहमीचे क्रमांक पुढीलप्रमाणे आहेत :

* १ – ईपर्म : ही क्रिया करण्यास मुभा नाही.
* २ – ईनोएंट : अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही.
* ४ – ईइंटर : सिस्टीम कॉलमध्ये सिग्नलमुळे व्यत्यय आला.
* ५ – ईआयओ : इनपुट-आउटपुट त्रुटी.
* १२ – ईनोमेम : मेमरी उपलब्ध होऊ शकली नाही.
* १३ – ईॲक्सेस : परवानगी नाकारली.
* १७ – ईएक्झिस्ट : फाइल आधीच अस्तित्वात आहे.
* २८ – ईनोस्पेस : साधनावर जागा शिल्लक नाही.

ईपर्म आणि ईॲक्सेस यांचे संदेश वरवर सारखे वाटले तरी त्यांचा अर्थ भिन्न आहे. वाचण्याची परवानगी नसलेली फाइल उघडू पाहिल्यास ईॲक्सेस मिळते. दुसऱ्याच्या मालकीच्या फाइलची परवानगी बदलू पाहिल्यास ईपर्म मिळते, कारण ते काम केवळ मालक किंवा विशेषाधिकार असलेला वापरकर्ता करू शकतो. पहिल्या प्रकारात फाइलची परवानगी बदलून प्रश्न सुटू शकतो. दुसऱ्या प्रकारात क्रिया करणारा वापरकर्ताच बदलावा लागतो.

## प्रणालींमधील भिन्नता

त्रुटींची नावे प्रमाणित आहेत, त्यांचे क्रमांक मात्र नाहीत. सामान्य संगणकांवरील लिनक्समध्ये ११ हा क्रमांक ‘ईअगेन’ म्हणजे ‘साधन तात्पुरते उपलब्ध नाही’ या त्रुटीचा आहे आणि ३५ हा क्रमांक ‘ईडेडलॉक’ म्हणजे ‘कोंडी टाळली’ या त्रुटीचा आहे. मॅकओएस आणि फ्रीबीएसडी यांवर नेमके उलट आहे : तेथे ११ म्हणजे ईडेडलॉक आणि ३५ म्हणजे ईअगेन. जोडणी नाकारली गेल्याची त्रुटी लिनक्सवर १११, तर मॅकओएसवर ६१ आहे. ग्नू हर्ड या प्रणालीवर ईनोएंटचे मूल्य १०७३७४१८२६ इतके मोठे आहे, तर हायकू या प्रणालीवर त्रुटिक्रमांक ऋण असतात.

यातून दोन व्यावहारिक नियम निघतात. पहिला, प्रोग्रॅममध्ये एर्नोची तुलना आकड्याशी न करता नावाशी करावी. दुसरा, एका संगणकावर नोंदवलेला क्रमांक दुसऱ्या प्रकारच्या संगणकावरील स्ट्रएररला देऊ नये. नोंदवहीत केवळ ‘त्रुटी ३५’ असे लिहून ठेवले आणि ती नोंदवही वेगळ्या प्रणालीवर वाचली गेली, तर तात्पुरती अडचण ही थ्रेडांमधील कोंडी समजली जाऊ शकते. संदेश किंवा त्रुटीचे नाव त्रुटी घडलेल्या संगणकावरच लिहून ठेवणे अधिक सुरक्षित असते. यासाठी ग्लिबसीच्या २.३२ आवृत्तीत क्रमांकावरून त्रुटीचे प्रतीकात्मक नाव देणारे ‘स्ट्रएररनेम_एनपी’ आणि लोकेलवर अवलंबून नसलेले वर्णन देणारे ‘स्ट्रएररडेस्क_एनपी’ ही दोन अतिरिक्त फंक्शने समाविष्ट करण्यात आली.

## थ्रेड-सुरक्षित आवृत्त्या

स्ट्रएरर आपला संदेश सर्व थ्रेडांसाठी सामाईक असलेल्या बफरमध्ये तयार करू शकते. त्यामुळे दोन थ्रेडांनी एकाच वेळी त्याला बोलावल्यास संदेश एकमेकांत मिसळण्याची शक्यता असते. ग्लिबसीमध्ये २.३२ आवृत्तीपासून हे फंक्शन थ्रेड-सुरक्षित करण्यात आले आहे. परंतु प्रत्येक प्रणालीवर असेच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून ‘स्ट्रएरर_आर’ हे फंक्शन २००१ च्या पॉसिक्स मानकात समाविष्ट झाले. यात बफर आणि त्याचा आकार प्रोग्रॅम स्वतः पुरवतो. दुर्दैवाने या एकाच नावाची परस्परांशी न जुळणारी दोन रूपे प्रचारात आहेत :

* पॉसिक्स रूप पूर्णांक परत करते. शून्य म्हणजे यश. बफर अपुरा असल्यास ईरेंज. संदेश नेहमी प्रोग्रॅमने दिलेल्या बफरमध्ये लिहिला जातो.
* ग्नू रूप अक्षरमालेचा पॉइंटर परत करते. हा पॉइंटर दिलेल्या बफरकडे निर्देश करेलच असे नाही. तो लायब्ररीतील स्थिर अक्षरमालेकडेही निर्देश करू शकतो, आणि अशा वेळी बफरला स्पर्शही केला जात नाही.

ग्लिबसीमध्ये यांपैकी कोणते रूप मिळेल, हे संकलनाच्या वेळी निश्चित केलेल्या मॅक्रोंवर ठरते. ‘ग्नू_सोर्स’ हा मॅक्रो परिभाषित असल्यास ग्नू रूप मिळते. लिनक्सवर ग्नूचा सी++ कंपायलर हा मॅक्रो आपोआप परिभाषित करत असल्याने तोच मजकूर सी आणि सी++ मध्ये वेगळ्या रीतीने वागू शकतो. पॉसिक्स रूप समजून परत आलेल्या मूल्याकडे दुर्लक्ष करणारा आणि थेट बफर छापणारा प्रोग्रॅम ग्नू रूपाशी जोडला गेल्यास संदेशाच्या जागी रिकामी ओळ किंवा बफरमधील आधीचा निरर्थक मजकूर छापला जातो. ही चूक केवळ त्रुटी घडल्यावरच उघड होत असल्याने चाचणीत ती सहज निसटते.

२००८ च्या पॉसिक्स मानकाने लोकेल स्पष्टपणे स्वीकारणारे ‘स्ट्रएरर_एल’ हे आणखी एक फंक्शन दिले. २०११ च्या सी मानकाच्या ऐच्छिक परिशिष्टात ‘स्ट्रएरर_एस’ आणि संदेशाची लांबी सांगणारे ‘स्ट्रएररलेन_एस’ ही फंक्शने आहेत. ग्लिबसीने हे परिशिष्ट स्वीकारलेले नाही.

## संदेशांची भाषा

पॉसिक्स प्रणालींवर स्ट्रएररचे संदेश लोकेलमधील संदेशविषयक विभागानुसार ठरतात. प्रोग्रॅम सुरू होताना ‘सी’ हे मूळ लोकेल लागू असते आणि संदेश इंग्रजीत येतात. प्रोग्रॅमने ‘सेटलोकेल’ हे फंक्शन रिकामी अक्षरमाला देऊन बोलावले, तर वापरकर्त्याने निवडलेले लोकेल लागू होते आणि लायब्ररीकडे त्या भाषेतील अनुवाद असल्यास संदेश त्या भाषेत मिळतो. अनुवाद नसल्यास इंग्रजी संदेशच कायम राहतो.

संदेशाची भाषा बदलू शकते, म्हणून प्रोग्रॅमने संदेशाच्या मजकुरावरून निर्णय घेणे चुकीचे आहे. स्ट्रएररने दिलेल्या अक्षरमालेत विशिष्ट इंग्रजी शब्द शोधणारा प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेच्या लोकेलमध्ये निरुपयोगी ठरतो. संदेश माणसासाठी असतो, क्रमांक प्रोग्रॅमसाठी असतो, ही विभागणी पाळणे आवश्यक आहे.

लिपीचा प्रश्नही येथे उद्भवतो. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हास, म्हणजे व्यंजन, मात्रा व हलन्त यांस स्वतंत्रपणे, तीन बाइट लागतात. चाळीस चिन्हांच्या मराठी संदेशाला सुमारे १२० बाइट लागतील. इंग्रजी संदेश डोळ्यांसमोर ठेवून ६४ बाइटांचा बफर राखून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असा संदेश मावणार नाही, आणि तो बाइटांच्या हिशेबाने कापला गेल्यास शेवटचे अक्षर अर्धवट तुटू शकते.

## विंडोजवरील स्थिती

विंडोजमध्ये दोन स्वतंत्र त्रुटिव्यवस्था एकत्र नांदतात. एफओपनसारखी सी लायब्ररीतील फंक्शने एर्नो वापरतात आणि त्यांच्यासाठी स्ट्रएरर योग्य आहे. ऑपरेटिंग सिस्टीमची स्वतःची फंक्शने मात्र एर्नोला हात लावत नाहीत. त्यांचा त्रुटिक्रमांक ‘गेटलास्टएरर’ या फंक्शनने मिळवावा लागतो आणि त्याचे वर्णन ‘फॉरमॅटमेसेज’ या फंक्शनने घ्यावे लागते.

या दोन व्यवस्थांतील क्रमांकांचे अर्थ वेगळे आहेत. विंडोजच्या व्यवस्थेत ५ म्हणजे ‘प्रवेश नाकारला’, तर एर्नोच्या व्यवस्थेत ५ म्हणजे ‘इनपुट-आउटपुट त्रुटी’. गेटलास्टएररचा क्रमांक नजरचुकीने स्ट्रएररला दिल्यास कंपायलर तक्रार करत नाही, कारण दोन्हीकडे पूर्णांकच असतो. परिणामी परवानगीचा साधा प्रश्न असताना वापरकर्ता डिस्क बिघडली असे समजू शकतो. २ हा क्रमांक दोन्ही व्यवस्थांत फाइल न सापडल्याचाच असल्याने केवळ त्या एका परिस्थितीत चाचणी घेतली, तर ही चूक लक्षात येत नाही.

## नेहमी होणाऱ्या चुका

एर्नो जतन न करणे : त्रुटी घडणे आणि संदेश छापणे यांच्यामध्ये बोलावलेले कोणतेही फंक्शन एर्नो बदलू शकते. लिहिण्याची क्रिया अयशस्वी झाल्यावर आधी फाइल बंद करून मग संदेश छापल्यास तो बंद करण्याच्या क्रियेचा असू शकतो. मेमरी मोकळी करणारे ‘फ्री’ हे फंक्शनही पूर्वी एर्नो बदलू शकत असे, ग्लिबसीच्या २.३३ आवृत्तीपासून ते एर्नो अबाधित ठेवते. सिग्नल हाताळणाऱ्या फंक्शनानेही सुरुवातीला एर्नो साठवून शेवटी ते पूर्ववत करणे अपेक्षित असते.

यशस्वी क्रियेनंतर एर्नो वाचणे : याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘ईनोटीटीवाय’ ही त्रुटी. काही लायब्ररी प्रिंटएफने पहिल्यांदा लिहिताना आउटपुट टर्मिनलकडे जात आहे का, याची चाचणी घेतात. ते फाइलकडे जात असल्यास ही अंतर्गत चाचणी अयशस्वी होते आणि एर्नोमध्ये ईनोटीटीवाय राहते, जरी प्रिंटएफ स्वतः यशस्वी झालेले असते. जुन्या युनिक्सवर या त्रुटीचे वर्णन ‘नॉट अ टाइपरायटर’, म्हणजे ‘हा टंकलेखक नाही’, असे होते. मूळ अडचणीशी काडीचाही संबंध नसलेला हा संदेश त्यामुळे अनेकांच्या समोर येत असे.

एर्नो न वापरणाऱ्या फंक्शनांसाठी पीएरर वापरणे : पॉसिक्स थ्रेडांची बहुतेक फंक्शने त्रुटिक्रमांक थेट परत करतात आणि तो एर्नोमध्ये ठेवत नाहीत. परत आलेले मूल्य स्ट्रएररला देणे हा येथे योग्य मार्ग आहे. संगणकाचे नाव शोधणारे ‘गेटॲडरइन्फो’ हे फंक्शन वेगळीच संकेतांकमाला वापरते आणि तिच्यासाठी ‘जीएआय_स्ट्रएरर’ हे स्वतंत्र फंक्शन आहे.

प्रत्येक त्रुटीचा संदेश दाखवणे : ईइंटर आणि ईअगेन या पुष्कळदा खऱ्या अर्थाने अपयशाच्या खुणा नसतात. सिग्नल आल्यामुळे थांबलेली क्रिया पुन्हा करणे किंवा थोड्या वेळाने प्रयत्न करणे हे प्रोग्रॅमचे काम आहे. तो भार संदेशाच्या रूपाने वापरकर्त्यावर टाकणे योग्य ठरत नाही.

## संदेशांच्या मर्यादा

क्रमांक अचूक जतन केला आणि त्याचा संदेशही बरोबर मिळाला, तरी तो नेहमी खरे कारण सांगतोच असे नाही. एकेका क्रमांकात अनेक परिस्थिती सामावलेल्या असतात. एखादी स्क्रिप्ट डिरेक्टरीत डोळ्यांसमोर असूनही ती चालवताना ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असा संदेश येऊ शकतो. अशा वेळी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत नमूद केलेला अर्थबोधक प्रोग्रॅम त्या संगणकावर नसतो. कर्नलला न सापडलेली फाइल तीच असते, पण संदेशात दिसते ते स्क्रिप्टचे नाव. त्याचप्रमाणे डिस्कवर भरपूर जागा मोकळी असतानाही ईनोस्पेस मिळू शकते, कारण फाइल सिस्टीममधील आयनोड संपलेले असू शकतात. परवानगी नाकारल्याचा संदेश फाइलच्या नव्हे, तर तिच्या मार्गातील एखाद्या डिरेक्टरीच्या परवानगीमुळेही येतो.

म्हणून चांगल्या त्रुटिसंदेशात स्ट्रएररच्या वर्णनाबरोबर कोणती क्रिया केली जात होती आणि ती कोणत्या वस्तूवर, हे दोन्ही दिले जाते. ‘परवानगी नाकारली’ एवढ्यावरून वापरकर्त्याला काहीच करता येत नाही. ‘नोंदवही लिहिण्यासाठी उघडता आली नाही’ या शब्दांसह फाइलचा पूर्ण मार्ग दिल्यास कोठे पाहायचे हे त्याला कळते. ही माहिती केवळ प्रोग्रॅमकडे असते. कर्नल किंवा लायब्ररी ती पुरवू शकत नाही.

## इतर भाषांमधील वापर

सी भाषेच्या या व्यवस्थेचा वारसा इतर अनेक भाषांत दिसतो. पायथनमध्ये ‘ओएस’ मॉड्यूलमधील स्ट्रएरर हे फंक्शन हेच काम करते आणि ‘ओएसएरर’ या अपवादात क्रमांक, वर्णन व फाइलचे नाव एकत्र ठेवले जातात. पर्ल भाषेतील डॉलर आणि उद्गारचिन्ह यांनी बनलेले विशेष चल संख्येच्या संदर्भात त्रुटिक्रमांक, तर मजकुराच्या संदर्भात वर्णन देते. सी++ मध्ये २०११ च्या मानकापासून त्रुटिक्रमांकाबरोबर त्याचा वर्गही नोंदवला जातो, त्यामुळे एका व्यवस्थेचा क्रमांक दुसऱ्या व्यवस्थेच्या कोष्टकात शोधण्याची चूक टळते.

## हेही पाहा

* सी (प्रोग्रॅमिंग भाषा)
* पॉसिक्स
* युनिक्स
* ग्नू सी लायब्ररी
* सिस्टीम कॉल
* यूटीएफ-८